कॉलेजच्या गेटवरचं विमान नॅट की अजित? रंग द्यायच्या आधी काय बघायचं?

लेथवाला_सर

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसतं वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदा, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटपाशी हवाई दलाने कधीकाळी दिलेलं एक छोटं जेट विमान आहे. मागची दोन चाकं सिमेंटच्या चौथऱ्यात घोट्यापर्यंत पुरलेली, पुढचं चाक एका लोखंडी खांबावर, त्यामुळे नाक वर आणि शेपटी खाली, आत्ता उडेल की मग उडेल अशी पोझ. मी वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर आहे. पुढच्या वर्षी कॉलेजचा सुवर्णमहोत्सव, म्हणून "विमान नवं करा" असा हुकूम आलाय आणि काम माझ्या गळ्यात, कारण ग्राइंडर माझ्याकडे असतो, दुसरं काही कारण नाही.

आता गंमत अशी की हे विमान कोणतं तेच कोणाला धड माहीत नाही. पाटीवर "मिग लढाऊ विमान" लिहिलंय, ते चूक आहे एवढं मलाही कळतं, मिग २१ चांगलं दीडपट लांब असतं आणि त्याचं हवा घ्यायचं तोंड नाकातच असतं, याला दोन्ही बाजूंना गालफडासारखी तोंडं आहेत. एक रिटायर्ड प्राध्यापक म्हणतात नॅट. ग्रंथपाल मॅडम म्हणतात अजित, त्यांचे वडील हवाई दलात होते. शेपटीवरचा नंबर बघावा तर डावीकडे शेवटचा आकडा १ आणि उजवीकडे ७!! दर काही वर्षांनी पेंटर येतो आणि खालचं जसं दिसेल तसं गिरवून जातो, त्याचा हा प्रताप.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सँडब्लास्टिंग करू, पत्रा चकाचक निघेल, वरून चंदेरी ऑइलपेंट मारू. ट्रस्टी साहेबांना त्यावर निर्मलजीत सिंग शेखोंच्या विमानाचा नंबर टाकायचाय, परमवीरचक्रवाल्यांचा. ऐकायला मलाही छान वाटलं पण मनात कुठेतरी टोचतंय. तुम्ही काय म्हणता? फोटो टाकलेत, उन्हामुळे जरा पांढरे आलेत.

निवृत्त_फिटर

सर, सगळ्यात आधी त्या सँडब्लास्टिंगवाल्याला हात जोडून परत पाठवा. गेटच्या लोखंडी ग्रिलला चालतं म्हणून विमानाला चालतं असं नाही. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जाडी नावाला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बहुतेक वेळा शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर लाटून बसवलेला असतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो. वाळूचा मारा केला की तो थर पहिल्यांदा जातो, वर दोन रिव्हेटच्या ओळींमधला पत्रा फुगून लाटा येतात त्या वेगळ्याच. पुढच्या दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी सुटायला लागेल आणि मग तुम्ही परत इथेच प्रश्न टाकाल.

दुसरं असं की ते जुने रंगाचे थर म्हणजे विमानाची जन्मपत्रिका आहे. ती खरवडून टाकली की नंतर कोणीही काहीही सांगावं.

आता नॅट की अजित. मी एअरफ्रेम फिटर होतो, शेवटची काही वर्षं अजितवरच काढली. बाहेरून दोघं जुळे भाऊ आहेत, कारण अजित म्हणजे नॅटचीच सुधारलेली आवृत्ती, नॅट मार्क २ म्हणायचे. मूळ नॅट ब्रिटनच्या फॉलंड कंपनीचं, टेडी पेटर यांचं डिझाइन, पहिलं उड्डाण १९५५. आपण लायसन घेऊन ते बंगलोरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवलं. अजितचं पहिलं उड्डाण १९७५ चं, आणि १९९१ पर्यंत ते सेवेत होतं. मोठा फरक पंखात आहे. अजितच्या पंखाच्या आतच इंधन भरायची सोय केली, त्यामुळे पंखाखालच्या टाक्यांची गरज कमी झाली आणि बाकी सामान लटकवायला जागा मोकळी झाली. म्हणून नॅटच्या पंखांखाली सामान अडकवायच्या दोन जागा, एकेका पंखाला एक, आणि अजितला चार. पायलन (सामान लटकवायचे दांडे) काढून नेलेले असतील तरी त्यांची भोकं, बोल्टच्या जागा, झाकणपट्ट्या दिसतात. खाली आडवं पडा आणि हाताने चाचपा, वरून बघून कळणार नाही, पेंटरने लांबी (पुट्टी) भरून ठेवली असेल.

सीट जागेवर असेल तर अजून सोपं. नॅटला फॉलंडची हलकी सीट होती, अजितला मार्टिन बेकर कंपनीची. पण थांबा, कॉकपिटमध्ये शिरू नका. इजेक्शन सीटमध्ये (संकटात पायलटला बाहेर फेकणारी सीट) आणि कॅनॉपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) उडवायच्या यंत्रणेत स्फोटक काडतुसं असतात. देताना काढलेली असतात, असायलाच हवीत, पण "असायलाच हवीत" यावर मी माझा हात ठेवणार नाही. ज्यांनी दिलं त्यांच्याकडून लेखी घ्या की सीट निकामी केलेली आहे, तोवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या हँडलला कोणी हात लावायचा नाही, पोरांना तर जवळही सोडू नका.

चाकांचंही तसंच. विमानाच्या चाकाची रिम दोन अर्ध्यांची असते, मध्ये बोल्टने आवळलेली. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले तर अर्धी रिम तोफगोळ्यासारखी सुटते. आधी हवा पूर्ण सोडायची, मगच पाना. लँडिंग गिअरच्या नळ्यांत दाबाखाली गॅस आणि तेल असतं, त्याही उघडायच्या नाहीत. वर्कशॉपचा माणूस म्हणून तुमचा हात शिवशिवेल, मला माहीत आहे.

स्केल_बहात्तर

फिटर काकांनी सगळं सांगितलंच. मी प्लास्टिक मॉडेलं करणारा माणूस, त्यामुळे माझं लक्ष रंगाकडे आधी जातं.

नंबर शोधायची सोपी युक्ती सांगतो, याला काही खरवडावं लागत नाही. रात्री जा, मोठा टॉर्च घ्या आणि तो फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, जवळजवळ चिकटवून आडवा धरा, उजेड पत्र्यावरून घासत गेला पाहिजे. रंगाचे थर कितीही असले तरी खालच्या आकड्यांच्या कडा बारीक उंचवट्यासारख्या दिसतात, दिवसा समोरून बघितलं तर काहीच कळत नाही. फोन स्टँडवर लावून, टॉर्च वेगवेगळ्या बाजूंनी धरून आठदहा फोटो काढा. शेपटी, नाकाची बाजू, पंखाच्या खालचा भाग, हे तिन्ही बघा.

ते झालं की एकाच ठिकाणी, बशीएवढ्या गोलात, पाण्याच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासा. मधोमध खोल आणि कडेला उथळ, म्हणजे झाडाच्या खोडावर वर्तुळं दिसतात तसे एकेक थर दिसतील. त्याचा फोटो रंगपट्टी शेजारी ठेवून काढा. सगळ्यात खाली पिवळट हिरवा प्रायमर लागला की थांबायचं. तो बहुधा झिंक क्रोमेट असतो आणि त्याची धूळ छातीत जाणं अत्यंत वाईट, कॅन्सरकारक आहे. कोरडं घासायचं नाही, मास्क साधा कापडी नाही तर नीट फिल्टरवाला.

चंदेरी रंगाबद्दल एक. १९६५ च्या लढाईतली आपली नॅट चकचकीत धातूच्या रंगाची होती, १९७१ पर्यंत त्यांच्यावर कॅमोफ्लाज आलं होतं. म्हणजे तुम्ही चंदेरी रंगावर शेखोंचा नंबर टाकलात तर दोन वेगळ्या लढाया एकाच विमानावर आल्या.

आणि प्लीज प्लीज राउंडेल, म्हणजे विमानावरची ती गोल तिरंगी खूण. आपल्या हवाई दलाच्या राउंडेलमध्ये केशरी बाहेर, मध्ये पांढरा आणि आत हिरवा. मी कितीतरी ठिकाणी उलटं रंगवलेलं पाहिलंय, हिरवा बाहेर आणि केशरी आत, आणि लोक खाली उभं राहून सेल्फी काढतायत. चौदा वर्षं मॉडेलं करतोय, हे दिसलं की जेवण जात नाही.

नुसता_वाचक

सगळं मान्य पण मला एक सांगा, एवढा कीस कशाला? लोक विमानाचा सिरियल नंबर बघायला येत नाहीत. गेटमधून रोज हजार पोरं जातात, त्यांना शेखोंचं नाव कळलं तर त्यात वाईट काय? १४ डिसेंबर १९७१, श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना तो माणूस नॅट घेऊन वर गेला आणि एकटा पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढला. हवाई दलातलं एकमेव परमवीरचक्र. त्याच्यापुढे पायलनची भोकं किती आहेत हा प्रश्न मला तरी किरकोळ वाटतो. माझ्या मते ट्रस्टींचं बरोबर आहे, टाका नंबर.

गंजाची_डॉक्टर

@नुसता_वाचक भावना समजते, पण पूर्ण असहमत. शेखोंचं नाव पाटीवर लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, फोटो लावा, कोण नको म्हणतंय? विमानावर त्यांचा नंबर टाकणं म्हणजे "हे ते विमान आहे" असं सांगणं, आणि ते खोटं आहे. दहा वर्षांनी त्या पोरांपैकीच कोणीतरी हौशीने शोधायला लागेल, त्याला कळेल की हे ते नाही, मग तो पाटीवरच्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही. आणि ज्या विमानाचा खरा नंबर आपण पुसला त्यातही कोणीतरी बसून उडालेलं असतंच ना.

अजून एक, फिटर काकांनी तारखा दिल्यात त्या नीट वाचा. हे अजित निघालं तर १९७१ साली असलं विमान अस्तित्वातच नव्हतं. चार वर्षं आधीच्या लढाईत लढलेलं विमान!

आता माझ्या विषयाकडे येते. मी धातूच्या गंजावर काम करते, त्यात दोनतीनदा अशी उभी विमानं बघायला गेलेय. सर, तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली माहितीये? रंगाची नाही, त्या नाक वर शेपटी खाली पोझची.

विमानाच्या पोटाला पाणी निथळायची छोटी भोकं असतात. ती ठेवलेली असतात विमान जमिनीवर सरळ उभं असताना सगळ्यात खालचा बिंदू कुठे येतो ते बघून. तुम्ही नाक वर केलंत की सगळ्यात खालचा बिंदू बदलला, भोकं भलतीकडे राहिली, आणि पावसाचं पाणी शेपटीकडच्या भागात जाऊन साचतं. बाहेरून विमान ठणठणीत दिसतं आणि आतून शेपटी सडते. मी एका ठिकाणी मागच्या पॅनलचा एक स्क्रू काढला तर बादलीभर काळं पाणी आलं, बरोबर पानं, पंख, आणि एक मेलेला सरडा. तर रंगाचा डबा उघडायच्या आधी मागचे पॅनल उघडून आत टॉर्च मारा. पॅनल उघडणार नसेल तर आत्ताच्या पोझमध्ये जो सगळ्यात खालचा भाग आहे तिथे, चौकटीला धक्का न लावता, फक्त पत्र्यात निचऱ्याची दोन भोकं पाडावी लागतील. मूळ वस्तूला भोक पाडणं जिवावर येतं पण सडण्यापेक्षा बरं. कुठे पाडली त्याची नोंद ठेवा.

दुसरी भानगड सिमेंट. ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियम खातो, आणि चाकं पुरलेली म्हणजे तिथे ओल कायमचीच. चाकं मोकळी करून घ्या, विमानाचं वजन टायरवर न ठेवता जॅकच्या जागांवर स्टँड करून त्यावर घ्या, स्टँड आणि विमान यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनची चकती टाका. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट लागले आणि मध्ये पाणी आलं की बॅटरी तयार होते, त्यात मरतं ॲल्युमिनियम. मागच्या कुठल्या पेंटरने साधे लोखंडी बोल्ट ठोकले असतील तर तेही काढा.

घासायला लोखंडी ब्रश किंवा स्टीलची वूल वापरायची नाही, तिचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. कॉस्टिकवाला पेंट रिमूव्हर नको, तो रंगासकट पत्रा काढतो. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि पक्ष्यांची विष्ठा आधी भिजवून मगच काढायची. धुवून वाळलं की निघणारा रंग काढा, घट्ट बसलेला राहू द्या, उघड्या पत्र्यावर ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, मग एपॉक्सी, वरून पॉलियुरेथेन. ऑइलपेंट उन्हात दोन वर्षांत खडूसारखा होतो. तुमचे फोटो "जरा पांढरे" आलेत ना, तो कॅमेऱ्याचा दोष नसावा.

कॅनॉपी ॲक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल, काचेचा अमोनियावाला स्प्रे यातलं काहीही लावलं तर बारीक भेगांचं जाळं येतं आणि ते परत जात नाही. फक्त पाणी आणि सुती कापड. डायल चमकणारे असतील तर त्यांच्या काचा उघडू नका, जुन्या डायलच्या रंगात रेडियम असू शकतं.

म्युझियम_भटक्या

छान चाललाय धागा. ताईंच्या मुद्द्याला पुरवणी म्हणून दोन गोष्टी, जरा विषयांतर होईल.

विमानाची "ओळख" ही चीज जगभर डोकेदुखी आहे. विमान सेवेत असतानाच त्याचे भाग बदलत राहतात, पंख याचा, शेपटी त्याची. आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण लिबरेटर बॉम्बरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला अमेरिकन बनावटीची बी २४ लिबरेटर विमानं टाकून दिलेली होती, परत कोणी वापरू नये म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. एचएएलच्या लोकांनी त्यातून चाळीसेक विमानं उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात बाकी जवळजवळ सगळीकडे लिबरेटर भंगारात गेली होती, त्यामुळे आज ब्रिटनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये, कॅनडात, अमेरिकेत पिमा म्युझियमला जी लिबरेटर दिसतात ती आपल्याकडून गेलेली आहेत. भंगारातून उभं केलेलं विमान, त्याचे सगळे भाग मूळ त्याचेच असतील अशी अपेक्षा कोण करणार, पण त्याला इतिहास नाही असं कोणी म्हणेल का?

उलट टोकाला स्पिटफायर पी ९३७४. १९४० मध्ये फ्रान्समध्ये कॅले जवळच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूत गेलं, १९८० मध्ये वर काढलं, आणि २०११ मध्ये परत उडालं. आता त्यातलं किती मूळ आणि किती नवीन यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत विचाराल तर ओळख कागदाने ठरते आणि कागद मुख्य फ्यूजलाजच्या मागे जातो, पंखाच्या नाही.

आणि "नवं करणं" हा एकच मार्ग नाही हेही ट्रस्टींना सांगा. लंडनला हेंडनच्या म्युझियममध्ये एक हॅलिफॅक्स बॉम्बर आहे, नॉर्वेतल्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेलं, ते बहुतांश जसं निघालं तसंच ठेवलंय, मोडकं, रंग उडालेलं. त्याच्यासमोर लोक गप्प उभे राहतात. शेजारी चकाचक विमानं आहेत तिथे मात्र फोटो काढून पुढे जातात.

उघड्यावर ठेवण्याचं काय होतं ते बघायचं तर मेम्फिस बेल. अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं बॉम्बर असेल, आणि ते मेम्फिस शहरात कितीतरी वर्षं उघड्यावर होतं, लोक आठवण म्हणून भाग काढून न्यायचे. शेवटी २००५ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या डेटनच्या म्युझियमला हलवलं आणि लोकांसमोर ठेवायला २०१८ उजाडलं. म्हणजे नुसतं आधीचं निस्तरायला तेरा वर्षं.

बाकी ओळख कधीच न हरवलेलं एक नॅट आहे, आयई १०८३, पण ते कराचीच्या पाकिस्तान हवाई दल म्युझियममध्ये आहे. १९६५ मध्ये पसरूरला उतरलेलं. शत्रूने नंबर जपला आणि आपण गिरवून गिरवून १ चा ७ केला 😅

लेथवाला_सर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, उशीर झाला. सगळ्यांचे आभार, एकेकाचं नाव घेत नाही.

सँडब्लास्टिंग रद्द. कॉन्ट्रॅक्टर रुसला, असो.

पंखाखाली आडवा पडलो. आधी दोनच जागा सापडल्या आणि मी नॅट नॅट म्हणून उठणार इतक्यात आमच्या एका विद्यार्थ्याने बोटाने टकटक केलं, एका ठिकाणी आवाज बद्द आला. लांबी! काढली तर खाली झाकणपट्टी आणि चार बोल्टच्या जागा, दुसऱ्या पंखालाही तंतोतंत तशीच. म्हणजे चार. ग्रंथपाल मॅडम जिंकल्या, आणि त्यांनी ते प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

रात्रीचा टॉर्च प्रकार भन्नाट आहे. अर्धं हॉस्टेल जमलं होतं. शेपटीवर आत्ताच्या नंबरच्या खाली दुसराच नंबर आहे, शेवटचा आकडा १ पण नाही आणि ७ पण नाही. पण मग मागचे पॅनल उघडले (सीटचं पत्र पाठवलंय, कॉकपिटला हात लावलेला नाही काका, शप्पथ) तर पॅनलच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे लिहिलेले सापडले. सहापैकी पाच पॅनलवर एकच आकडे, सहाव्यावर वेगळे. आणि शेपटीवर सापडलेला जुना नंबर या पाचांशी जुळत नाही, सहाव्याशीही नाही. आता याचा अर्थ काय लावायचा?

ताई, तुमचं पाणी सापडलं. बादलीभर नव्हतं, अर्धी असेल. एका चौकटीचा खालचा भाग पापडासारखा थर थर होऊन सुटतोय, फोटो टाकलाय. आणि मागच्या नळीत साळुंकीचं घरटं आहे, पिल्लांसकट. ते उडेपर्यंत मागचं काम बंद ठेवलंय, पोरांनीच ठरवलं.

निवृत्त_फिटर

शाब्बास त्या टकटकवाल्या पोराला. हाताने पत्रा वाचणं शिकवून येत नाही.

पेन्सिलचे आकडे आमचेच उद्योग. पॅनल एकेका विमानाला हाताने घासून बसवलेले असायचे, याचं त्याला लागायचं नाही, म्हणून सर्व्हिसिंगला उघडले की आत विमानाच्या नंबरचे शेवटचे आकडे लिहून ठेवायचे म्हणजे अदलाबदल होत नाही. त्यामुळे पाच पॅनल एक सांगतायत तर माझा विश्वास त्या पाचांवर. सहावा कुठून तरी उसना आणलेला. शेपटी दुसऱ्या विमानाची बसवलेली दिसते, विमान देताना जे धड होतं ते जोडून एक पूर्ण करून देतात, त्यात काही काळंबेरं नाही. आता फ्यूजलाजवर रिव्हेट केलेली छोटी धातूची पाटी शोधा, व्हीलबेमध्ये (चाकं आत जायची जागा) वगैरे, रंगाखाली दबलेली असेल, ती मऊ कापडाने आणि पाण्यानेच साफ करा, खरवडलं तर अक्षरं जातील. एक लक्षात ठेवा, अजितं नवीन बनली ती ७९, आणि दहाएक जुन्या नॅटचीच अजितं केलेली होती. पाटीवर दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या तर गोंधळू नका, उलट फोन करून मला सांगा, मला झोप येणार नाही.

म्युझियम_भटक्या

वॉरबर्ड्स ऑफ इंडिया नावाची साइट आहे, देशात कुठे कुठे कोणती विमानं जतन केलीत त्याची यादी आहे तिथे, तुमचं नक्की असेल, बहुतेक त्या चुकीच्या नंबरानेच 😄 पाटी सापडली की त्यांनाही कळवा. बंगलोरच्या एचएएल म्युझियमलाही पत्र टाकून ठेवा.

गंजाची_डॉक्टर

फोटो बघितला. पापडासारखे थर म्हणजे धातू आतून पदरापदराने सुटतोय, त्यावर प्रायमर मारून झाकू नका, आत चालूच राहील. तेवढा भाग बोथट प्लास्टिकच्या पट्टीने काढत निरोगी धातूपर्यंत जा, आणि ती चौकट शेपटीचं वजन घेत असेल तर खाली आधी आधार द्या, मगच हात लावा. किती गेलंय ते मोजून मला मेसेज करा. आणि नाक खाली आणा हो, काय वाटेल ते करून. साळुंकीबद्दल पोरांना माझ्याकडून एक एक चॉकलेट, नंतर त्या नळीला जाळी बसवा, पत्र्याने बंद नको, हवा खेळली पाहिजे.

नुसता_वाचक

चला, मी हरलो. अजितवर १९७१ चा नंबर हे मलाही पटत नाही. पण पाटीवर शेखोंबद्दल चार ओळी हव्यातच, त्यावर मी अडून बसणार.

लेथवाला_सर

ट्रस्टी साहेबांना १९७५ चा मुद्दा सांगितला, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले "मग आपण इतकी वर्षं मिग का लिहिलं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाटीचा मसुदा असा केलाय: "एचएएल अजित, एकआसनी लढाऊ विमान. १९७१ मध्ये फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग शेखों ज्या नॅट विमानातून लढले, त्याची ही नंतरची सुधारित आवृत्ती. शेपूट दुसऱ्या अजितचं." नंबराची जागा सध्या रिकामी, हवाई दलाकडून उत्तर येईपर्यंत. नाक पुढच्या महिन्यात खाली येतंय, क्रेन ठरलीये.

निवृत्त_फिटर

"शेपूट दुसऱ्या अजितचं" कशावरून? नॅटचंही असू शकतं, तिथेही आधी पाटी शोधा. आत्ता "शेपूट दुसऱ्या विमानाचं" एवढंच लिहा. खाली "रंग नव्याने दिला" आणि वर्ष टाका. आणि नंबर आला की पेंटरच्या डोक्याशी उभे राहा, दोन्ही बाजूंना एकच लिहितोय ना बघा.